खिडकीची खोली

पारुबाई चौथ्या खेपेला ग्यानबाच्या घरी आली, ओट्याखाली चपला काढल्या, कुणाशी न बोलता सरळ खिडकीच्या खोलीपाशी गेली आणि दार ढकललं. दार वीतभर उघडलं आणि अडलं. आत हळदीची पोती होती. मागच्या बुधवारी होती तितकीच, होती तिथंच, खिडकी झाकून पार आढ्यापर्यंत.

"नर्मदाबाई, हे काय हाय?" ती तिथूनच ओरडली.

"हळद हाय," चुलीपुढून ग्यानबाच्या बायकोचा आवाज आला. "तुमाला म्हाईत न्हाई का?"

"मला म्हाईत हाय. मागल्या बुधवारीबी म्हाईत होतं. खोली मोकळी करणार होते ना तुमी?"

"करू की. घाई काय हाय?"

"लेकराला इचारा घाई काय हाय ते. नववा लागला."

पारुबाई या कुरुंदा गावापासून दोन-अडीच मैलांवरच्या तांड्यावरची. साठी ओलांडलेली, अंगानं वाळकी, आवाजानं खणखणीत. पस्तीस वर्षं ती बाळंतपणं करत आली होती. आधी सासूच्या हाताखाली शिकली. मग तालुक्याला दायांचं शिबिर झालं तिथं पुन्हा शिकली, आणि सासूनं शिकवलेलं निम्मं सोडून दिलं. आताशा बहुतेक बाया दवाखान्यात जात, आणि जावंच असं पारुबाई स्वतः सांगे. पहिलटकरीण असो, आधी पोट फाडलेली असो, अंगात रक्त कमी असलेली असो, तिला ती उंबऱ्यावरूनच माघारी लावी. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची, धडधाकट, वेळेवर तपासण्या केलेली एखादी घरीच करा म्हणून अडून बसली, तर पारुबाई आणि उपकेंद्रातली मिना सिस्टर मिळून ते बाळंतपण करत. सिस्टर तपासून हो म्हणाली तर. बाळंतपणाला सिस्टर स्वतः हजर असेल तर. आणि दारात गाडी उभी असेल तर.

ग्यानबाची सून कोमल अशीच अडून बसली होती. पहिली मुलगी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात झाली होती. झाली सरळच, पण बारा तास तिला पाठीवर निजवून ठेवलं होतं, उठू दिलं नव्हतं, पाण्याचा घोट दिला नव्हता. आणि बिल भरायला तिच्या नवऱ्याला, विजयकुमारला, मोटारसायकल विकावी लागली होती. पाचव्या महिन्यात उपकेंद्राच्या ओट्यावर कोमल पारुबाईला म्हणाली होती, "मावशी, मला घरी करायचंय." एवढं एकच वाक्य ती आपणहून बोलली. त्यानंतर काहीही विचारलं तरी एकच उत्तर येई, "बराबर हाय."

ओट्यावर ग्यानबा पेपर वाचत बसला होता. पारुबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, पोती कवा काढता?"

"भाव बघा ना, पारुबाई. जरा चढू द्या. चढला की एका दिसात खोली मोकळी."

"आन् न्हाई चढला तर?"

"चढल."

"तवर लेकराला आत थांब म्हणून सांगू का मी?"

ग्यानबानं पान उलटलं. नर्मदाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "मागची खोली हाय की. माझी चारीबी तिथंच झाली. कुणी मेलं न्हाई."

मागची खोली पारुबाईनं पाहिली होती. तिला खिडकी नव्हती. एका भिंतीला कडबा, दुसऱ्या भिंतीला फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे. आत पाय ठेवला की डोळे चुरचुरत.

"नर्मदाबाई, तिथं मला लेकराचा रंग कसा दिसल? बाईचं रगत किती गेलं ते कसं दिसल? चाचपत बसू का मी?"

"बल्ब हाय की."

"आन् लाईट?"

लाईट तेव्हाही नव्हती. नर्मदाबाईनं छताकडे पाहिलं आणि ती विषय बदलून म्हणाली, "चहा घेता का?"

पारुबाईला चहा नको होता. तिला खोली पाहिजे होती. धुतलेली, चुना दिलेली, उजेडाची एक खोली, बस. बाकीची तयारी ती आधीच देऊन गेली होती: नवा साबण, नवं ब्लेड, दोरा, प्लॅस्टिकचा कपडा, आणि जुनी सुती लुगडी धुऊन उन्हात वाळवून ठेवायला सांगितलेली. तिनं ती पिशवी मागितली. पिशवी आली. ब्लेड होतं, दोरा होता. साबण नव्हता.

"साबण कुठं गेला?"

 पारुबाई उठून न्हाणीत गेली. साबण तिथं होता. झिजून चपटा झालेला, वर ग्यानबाच्या दाढीचे केस चिकटलेले.

"ते व्हय?" नर्मदाबाई म्हणाली. "घरातला संपला होता."

पारुबाईनं साबण तिथंच टाकला. मग आत कोमलकडे गेली. कोमल खाली बसून तांदूळ निवडत होती. सात वाजल्यापासून ती धुणं, सडा, भाकरी आणि मुलीची शाळा उरकून आता कुठं टेकली होती.

"पाणी पितीस का?"

"पिते."

"किती?"

"बराबर पिते."

"दुपारी तासभर डाव्या कुशीवर निजतीस का?"

कोमलनं सासूच्या दिशेनं पाहिलं आणि तांदळातला खडा काढला. बाहेरून नर्मदाबाई म्हणाली, "निजून ऱ्हायलं की लेकरू जड होतं. आमी शेवटच्या दिसापोतर निंदणीला जात होतो."

"लोहाच्या गोळ्या घेतीस का?"

"घेते."

कोनाड्यात गोळ्यांचं पाकीट होतं. मागच्या बुधवारी त्यातल्या दोन गोळ्या कमी होत्या. आजही दोनच कमी होत्या. पारुबाईनं पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं.

"मळमळतं," कोमल खाली मान घालून म्हणाली.

"मंग सांगत काहून न्हाईस, बाई? मला स्वप्न पडणार का? जेवण झाल्यावर घे. रातच्याला घे. लिंबाच्या पाण्यासंगं घे, चहासंगं घेऊ नको. तरी मळमळलं तर सिस्टर दुसरी गोळी दील. पण तोंड उघडून सांगावं लागतं. कळलं?"

"व्हय."

"आता आनखी काय दुखतं खुपतं?"

"न्हाई. बराबर हाय."

पारुबाईला वाटलं की भिंतीवर डोकं आपटावं. एका घरात चौघं मोठी माणसं, चौघंही व्हय म्हणतात, आणि एकही काडी इकडची तिकडे होत नाही. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

परत जाताना स्टँडवर विजयकुमारचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान लागलं. त्यानं तिला हाक मारून स्टुलावर बसवलं. पोरगं गोड बोलणारं होतं. "मावशी, उद्या करतो ना खोली. एकदम बराबर करतो. हे बघा." त्यानं फोन पुढे केला. फोनमध्ये कुठली तरी गोरी बाई पाण्याच्या मोठ्या टपात बसली होती, भोवती मेणबत्त्या, मागं वाजंत्री. "असं केलं तर तकलीफ कमी होते म्हणतात. टप मिळल का बघू का?"

"टप नगं बाबा. पोती काढ."

"काढतो ना. उद्या."

त्याच्या पुढच्या सोमवारी कोमलची तपासणी होती. मिना सिस्टरनं बीपी घेतला, पोट तपासलं, रक्ताची चिठ्ठी पाहिली. गोळ्या बुडवूनही रक्त अकराच्या वर टिकून होतं. डोकं खाली होतं. सगळं ठीक होतं. कोमल बाहेर जाऊन बसल्यावर सिस्टरनं पारुबाईला विचारलं, "खोली झाली?"

"करून राहिले."

"म्हणजे नाही झाली." सिस्टरनं पेन खाली ठेवलं. ती तिशीतली, अंगानं भरलेली, चार गावं एकटीनं सांभाळून कावलेली. "मावशी, घरी झालं की वर उत्तर मला द्यावं लागतं. बाई तब्येतीनं चांगली आहे, म्हणून मी हो म्हणाले. पण कडब्याच्या खोलीत मी नाही करणार. शुक्रवारपर्यंत खोली नसेल तर कळा सुरू झाल्या की गाडीत घालून मी तिला सरळ दवाखान्यात नेणार. मग ती कितीही रडू दे."

"ती रडत बी न्हाई," पारुबाई म्हणाली. "तीच तर तकलीफ हाय."

गुरुवारी दुपारी पारुबाई पुन्हा कुरुंद्यात आली. श्रावण चालू होता. सकाळी सर येऊन गेली होती, अंगणातली शहाबादी फरशी नुकती कोरडी झाली होती आणि औंढ्याच्या अंगाला आभाळ पुन्हा भरून आलं होतं. ग्यानबा पारावर गेला होता, विजयकुमार दुकानात. तिनं खोलीचं दार ढकललं. दार वीतभर उघडलं आणि अडलं.

या वेळी ती ओरडली नाही. ओट्यावर येऊन बसली आणि जे होतं ते सांगितलं. उद्या शुक्रवार. सिस्टरनं असं असं म्हटलं आहे. खोली नाही तर दवाखाना. आपण आता काही बोलणार नाही, आपलं बोलून झालं.

"मंग दवाखान्यातच नेऊ," नर्मदाबाई म्हणाली. "काय करता."

कोमल दारात उभी होती. तिनं ते ऐकलं, आत गेली, आणि विळी घेऊन बाहेर आली. पारुबाईला वाटलं भाजी चिरायला बसणार. पण कोमल खिडकीच्या खोलीच्या दारातून तिरकी होऊन, पोट सांभाळत आत शिरली. आतून टराटर सुतळी तुटल्याचा आवाज आला. मग पितळेच्या घमेल्यात निम्म्यापर्यंत हळकुंडं भरून ती बाहेर आली, शांतपणे अंगणाच्या मधोमध गेली आणि घमेलं पालथं केलं. पॉलिश केलेली पिवळी हळकुंडं फरशीवर खडखडत चौफेर पसरली.

नर्मदाबाईच्या हातातलं सूप गळालं. "अगं ए! येड लागलं का तुला?"

कोमल परत आत गेली. दुसरं घमेलं आलं. तिसरं आलं.

"कोमल, जड उचलू नगं!" पारुबाई उठली.

"जड न्हाई मावशी. निम्मंच भरते," कोमल म्हणाली आणि चौथ्या घमेल्याला गेली.

पारुबाईनं घमेलं हातात घेऊन पाहिलं. खरंच जड नव्हतं, तान्ह्या लेकराएवढंच होतं. तिनं ते तिला परत दिलं आणि पुन्हा ओट्यावर बसली.

नर्मदाबाई अंगणात धावत होती. एका हातानं हळद गोळा करत होती, दुसऱ्या हातानं कपाळ बडवत होती. शेजारच्या बाया कुंपणावरून डोकावल्या. कुणीतरी पाराकडे पळालं. तेवढ्यात पहिले चार थेंब पडले. हळदीला पाणी लागलं की रंग जातो, बुरशी धरते, मग तिला कुत्रं विचारत नाही. गावात हे लहान पोराला ठाऊक.

ग्यानबा धोतर सावरत पळत आला. बरोबर पारावरची पाच-सहा माणसं. त्यानं अंगण पाहिलं, आभाळ पाहिलं, सुनेकडे पाहिलं. सून घमेलं घेऊन उभी होती.

"ठेव ते खाली!" तो ओरडला.

"कुठं ठेवू, मामा?" कोमल म्हणाली. "जागा सांगा."

समोर, गल्लीच्या पलीकडे, ग्यानबाचा चुलतभाऊ देविदास राहत होता. त्याच्या नव्या घराच्या स्लॅबच्या दोन खोल्या वर्षभर रिकाम्या पडल्या होत्या. पण बांधाच्या भांडणावरून दोघांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, म्हणून त्या खोल्यांचं नाव या घरात कुणी काढत नसे. देविदास कुंपणापाशी उभा राहून सगळं पाहत होता. तो वळला, कुलूप काढलं आणि दार सताड उघडून बाजूला झाला.

मग सगळ्यांच्या पाठीवर पोती चढली. निसटलेली हळद पोरांनी, बायांनी ओंजळींनी भरली. विजयकुमार दुकान उघडं टाकून आला, त्यानं दोन-दोन पोती एका दमात नेली. पाऊस जोरात लागायच्या आत खिडकीची खोली रिकामी झाली होती. पारुबाईनं स्टँडवरून येताना घेतलेली भज्याची पुडी अजून ओट्यावर कोमट होती.

सव्वा महिना! पाच खेपा, पंचवीस मैलांची पायपीट, घसा कोरडा पडेपर्यंत बोलणं, आणि काम निघालं अर्ध्या तासाचं. पारुबाईला आनंद व्हायला पाहिजे होता. तिला इतका संताप आला की तिनं भजं पुडीत परत टाकलं.

कोमल ओट्यावर येऊन टेकली. हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते.

"कळ-बिळ येती का?" पारुबाईनं विचारलं.

"न्हाई. कंबर भरून आलीय." जरा थांबून म्हणाली, "आन् तहान लागली."

पारुबाईनं स्वतः उठून तिला तांब्याभर पाणी दिलं.

शुक्रवारी विजयकुमारनं चुना दिला. खिडकीच्या बिजागऱ्या गंजून बसल्या होत्या, त्या तेल घालून, हातोडीनं ठोकून मोकळ्या केल्या. मिना सिस्टर आली, पाहून मान डोलवून हो म्हणून गेली. कळा त्यानंतर आठ दिवसांनी, शनिवारी पहाटे सुरू झाल्या. उजाडता उजाडता पारुबाई आली, मागोमाग सिस्टर आली. विजयकुमारच्या दोस्ताची, रामप्रसादची, जीप दारात लागली. पिशवीत नवा साबण होता. तो पारुबाईनं या वेळी आजपर्यंत आपल्याच ट्रंकेत ठेवला होता.

सकाळभर कोमल खोलीत चालत राहिली. कळ आली की खिडकीचे गज धरून वाकायची, कळ गेली की पुन्हा चालायची. पारुबाई कमरेवर गरम कपडा दाबून धरी. सिस्टर थोड्या थोड्या वेळानं बाळाचे ठोके ऐके. सगळं नीट चाललं होतं, आणि पारुबाईला आता माणसांचीच भीती होती.

ती आलीच. दहाच्या सुमाराला नर्मदाबाई गल्लीतल्या तीन बाया घेऊन आत शिरली. एकीनं वारं लागेल म्हणून खिडकी लावून घेतली. दुसरी म्हणाली, पाणी पाजू नका, पोटात पाणी झालं की लेकरू वर चढतं. तिसरी पदर खोचून पुढं झाली, "मी जरा वरून दाबते, बघा कशी झटक्यात होती."

"हात लावू नगं!" पारुबाई म्हणाली.

"असं कसं? आमच्या येळंला..."

"बाई, बाहेर व्हा तुम्ही," सिस्टर म्हणाली.

"आमच्याच घरात आमीच बाहेर?" नर्मदाबाईचा आवाज चढला. "ती काही बोलली का? तिला इचारा ना. कोमल, तुला चालतंय ना गं?"

तेवढ्यात कळ आली. मोठी आली. कोमलनं गज धरले, मान खाली घातली, आणि कळ शिखरावर असतानाच तिचं तोंड उघडलं.

"न्हाई चालत!"



"खिडकी उघडा! मला पाणी पाहिजे! ह्या सगळ्या बाहेर जाऊ द्या! सहा वर्षं मला कुणी इचारलं न्हाई, आन् आता कळंत इचारता? आत्या, तुमीबी जा! न्हाई तर बसा तिथं आन् गप ऱ्हा!"

बाया निघाल्या. खिडकी कुणी उघडली ते कळलं नाही. नर्मदाबाई थप्पड बसल्यासारखी भिंतीला टेकून खाली बसली. गेली मात्र नाही. पारुबाईनं मोठ्या समाधानानं तांब्या पुढं केला. "शाबास पोरी! असं बोलावं. मी तर कवापासून सांगून राहिले की तोंड उघडून..."

"मावशी, तुमीबी गप बसा," कोमल दम घेत म्हणाली. "लई बोलता तुमी."

सिस्टरनं तोंड फिरवून खोकल्याचं सोंग केलं. पारुबाई गप बसली.

साडेअकराला मुलगी झाली. कोमल उकिडवी, मागून पारुबाईनं धरलेली, पुढं सिस्टरचे हात. लेकरू आलं आणि लगेच रडलं. खिडकीच्या उजेडात त्याचा रंग काळसर जांभळ्यावरून गुलाबी होताना सगळ्यांनी पाहिला. सिस्टरनं कोमलच्या मांडीत रक्त आवरायचं इंजेक्शन दिलं. लेकराला कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून धुतलेलं लुगडं. नाळेची धडधड थांबेपर्यंत पारुबाईनं कुणाला घाई करू दिली नाही. मग उकळलेला दोरा, नवं ब्लेड. मुलगी तोंड वासून इकडे तिकडे शोधायला लागली, तिला सापडलं आणि ती पिवळा चीक ओढायला लागली.

बाहेरून ग्यानबानं विचारलं, "काय झालं?"

"अजून वार पडायची हाय," पारुबाई म्हणाली. "मंग सांगते."

वार पडेना. दहा मिनिटं गेली, वीस गेली. सिस्टर घड्याळ पाहत होती. रक्त थोडंच जात होतं, पण ती हलक्या आवाजात म्हणाली, "अर्धा तास. त्याच्यापुढं मी थांबणार नाही. गाडी चालू ठेवायला सांगा."

पारुबाई बाहेर आली. जीप होती. रामप्रसाद नव्हता. तो चहा प्यायला स्टँडवर गेला होता, आणि जीपची चावी त्याच्या खिशात होती. सकाळपासून ज्याला हलू नको म्हणून तीनदा बजावलं होतं, तो बरोबर याच मिनिटाला हलला होता. पारुबाईच्या तोंडून मराठी सुटली, मग तांड्याची गोरमाटी सुटली. विजयकुमार अनवाणी स्टँडकडे पळाला. त्याची पाठ गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि आतून सिस्टरनं हाक मारली, "मावशी, आली!"

वार पूर्ण होती. सिस्टरनं ती उजेडात उलटीपालटी करून दोनदा पाहिली. पोट कठीण झालं, रक्त आवरलं. रामप्रसाद तोंडात बिस्कीट घेऊन धावत आला तेव्हा पारुबाई ओट्यावर बसली होती.  तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं बिस्कीट गिळलं आणि जीपमध्ये जाऊन बसला, आणि सिस्टरनं संध्याकाळी जा म्हणेपर्यंत खाली उतरला नाही.

त्यानंतर पारुबाईच्या खेपा चालू राहिल्या. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा कोमलच्या उशाशी पाण्याची कळशी होती आणि खिडकी उघडी होती. ती उघडीच राहील असं कोमलनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पारुबाईनं मुलीची बेंबी पाहिली, कोरडी होती, वर काही लावलेलं नव्हतं. कोमलला विचारलं, "काय दुखतं?"

"डावी छाती दुखती. गाठ झाल्यागत. लघवीला आग होती जरा. आन् झोप होत न्हाई," कोमलनं घडाघडा सांगितलं. पारुबाई सुखावली. गरम पाण्याचा शेक, त्याच बाजूला आधी पाजणं, भरपूर पाणी. ताप आला किंवा आग वाढली तर त्याच दिवशी सिस्टरकडे. आणि दुपारी लेकरू निजलं की तूही नीज.

सातव्या दिवशी सगळं बरं होतं. पारुबाई निघाली तेव्हा नर्मदाबाई तिला पोचवायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. असं ती आधी कधी आली नव्हती. ऑटो उभाच होता. पारुबाईनं पाय आत ठेवला आणि नर्मदाबाईनं तिचा दंड धरला.

"पारुबाई, एक इचारू का?"

"इचारा."

"इथं न्हाई."

ऑटोवाला हॉर्न द्यायला लागला. पारुबाईनं पाय बाहेर काढला. ऑटो गेला. दोघी देविदासच्या घराच्या आडोशाला उभ्या राहिल्या. नर्मदाबाई बराच वेळ पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

"माझं अंग बाहेर येतं," ती शेवटी म्हणाली. "उकिडवं बसलं की. वझं उचललं की. हातानं आत सारावं लागतं."

"कवापासून?"

"धाकट्याच्या वेळंपासून. बाळंत झाल्यावर तिसऱ्याच दिशी घागरी आणाय गेले होते. सासू म्हणली, निजून काय ऱ्हातीस."

पारुबाईनं मनातल्या मनात हिशोब केला. धाकटा म्हणजे विजयकुमारच्या पाठचा. तो आता सव्वीसचा असेल.

"सव्वीस वर्षं?"

"व्हय."

"सव्वीस वर्षं तुमी हे घेऊन निंदणी केली? हळद काढली? पोती उचलली? आन् कुणाला बोलल्या न्हाई?"

"कुणाला बोलू? ह्यांना?"

"मला बोलायचं! मी ह्या गल्लीत किती येळा आले? तुमच्या जावेचं बाळंतपण म्याच केलं ना? मी उंबऱ्यात बसून चहा पिऊन गेले, आन् तुमी..." पारुबाईचा आवाज फाटला. तिला या बाईचा एवढा राग आला होता सव्वा महिना, तो सगळा राग आता कुठं ठेवायचा ते तिला कळेना. "सुनेला मागच्या खोलीत घालाय निघाल्या होत्या, आन् त्याच खोलीतनं तिसऱ्या दिशी उठवलं म्हणून तुमचं हे झालं!"

"तवा कळत न्हवतं. मला वाटलं, समद्यांचंच असं होत असल."

नर्मदाबाई रडत नव्हती. तिच्या तोंडावर परीक्षेत चुकलेल्या पोरीसारखा भाव होता. पारुबाईनं कपाळावरचा घाम पुसला, तिला हाताला धरून देविदासच्या पायरीवर बसवलं आणि आवाज खाली आणला. हे बरं होण्यासारखं आहे, ती म्हणाली. कधी व्यायामानं आवरतं, कधी डॉक्टर आत रबराची कडी बसवतात, कधी ऑपरेशन लागतं. पण आधी कुणीतरी पाहायला पाहिजे. सिस्टर बाईमाणूस आहे, लाजायचं काही कारण नाही. तोवर घागर नाही, पोतं नाही, चारा नाही.

"मंग करायचं कुणी?" नर्मदाबाईनं खरंच गोंधळून विचारलं.

"ग्यानबादादाला दोन हात हायेत. मी मोजलेत."

नर्मदाबाईच्या ओठांची एक बाजू हलली.

"सोमवारी धा वाजता उपकेंद्रात या. न्हाई आल्या तर मी गल्लीत उभी राहून बोंबलीन. मला सगळे वळखतात, मी खरंच बोंबलते."

"व्हय."

"व्हय नगं म्हणू! व्हय म्हणू नगं मला! येणार का न्हाई ते सांगा."

"येते," नर्मदाबाई म्हणाली.

दुसरा ऑटो पाऊण तासानं मिळाला. तांड्यावर पोचेपर्यंत पारुबाई स्वतःशीच भांडत होती.

सोमवारी दहा वाजले, अकरा वाजले. पारुबाई उपकेंद्राच्या ओट्यावर बसून रस्त्याकडे डोळे लावून होती आणि सिस्टरला दर पाच मिनिटांनी सांगत होती की बघा, आली नाही, मी म्हटलं नव्हतं? साडेअकराला विजयकुमारच्या उसनवारीच्या मोटारसायकलवरून नर्मदाबाई उतरली. नवी साडी, केसांना तेल, आणि हातात कागद. कागदावर कोमलनं तिला काय काय दुखतं ते सगळं क्रमानं लिहून दिलं होतं, कारण आत्या तिथं गेल्या की काही बोलणार नाहीत, बराबर हाय म्हणतील, असं तिचं म्हणणं होतं.

"आता ही येळ झाली का दहाची?" पारुबाई ओरडली.

"भाकरी करून आले," नर्मदाबाई म्हणाली.

पारुबाईनं तिच्या हातातला कागद घेतला, सिस्टरकडे दिला, आणि पडदा ओढून घेतला.